पुनवेला गप्प होणारा माणूस

बेलापूरच्या ज्या सरकारी कचेरीत मी नोकरी करते, तिथं माझ्याकडे आवक-जावक आहे. आलेल्या प्रत्येक पत्रावर शिक्का मारायचा, त्याला नंबर द्यायचा, ते ज्याचं त्याच्या टेबलावर पाठवायचं, आणि उत्तर गेलं नाही की त्या टेबलाला स्मरणपत्र काढायचं. त्यामुळे उत्तर न देणाऱ्या माणसांशी माझं पूर्वीपासून वाकडं. साहेब असो की कारकून, पत्र दाबून बसलेला माणूस दिसला की माझं डोकंच फिरतं. अशा बाईने लग्नाच्या अ‍ॅपवर जावं आणि तिथल्या एवढ्या गर्दीतून नेमका मेसेजला उत्तर न देणारा माणूस निवडावा, याला नशीबच म्हणायचं.

तेव्हा मी तिशी ओलांडली होती. खारघरला आई आणि मी, दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई सातारकडची, तोंडाने फटकळ, आणि तिचा तो गुण माझ्यात पुरेपूर उतरलाय असं नातेवाईक म्हणतात. नातेवाईकांना बोलायला काय जातं.

त्याच्याआधी एकदा माझं ठरता ठरता राहिलं होतं. ठाण्याचा मुलगा होता. वर्षभर बोलणं चाललं, दोन्हीकडच्या आया फोनवर एकमेकींना रेसिपी सांगायला लागल्या, आणि एक दिवस त्याचं उत्तर आलं नाही. भांडण नाही, तंटा नाही. मेसेज पोचला, वाचला गेला, आणि पुढे काहीच नाही. मी आधी अपघाताच्या शंका काढल्या. मग हॉस्पिटलच्या. मग काही दिवसांनी त्याचा फोटो बदलला, त्यात तो मुंडावळ्या बांधून हसत होता. माणूस गेला तर निदान सुतक तरी पाळता येतं. इथं मी कशाचं सुतक पाळणार? दुसऱ्या दिवशी मेट्रो पकडून कामावर गेले आणि दिवसभर शिक्के मारले. पण तेव्हापासून फोन गप्प राहिला की मी तो बंद करून पुन्हा चालू करून बघायचे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. एवढी शहाणी बाई असलं काही करते हे सांगायचीच लाज वाटायची.

तर हा दुसरा. सारसोळ्याचा. नेरूळच्या इमारतींच्या मधोमध जे जुनं कोळ्यांचं गाव आहे, तिथला. बेलापूरलाच एका खाजगी कंपनीत हिशेबाचं काम करायचा. आठवड्यातले काही दिवस ऑफिसात, काही घरून. अ‍ॅपवर मी जातीची अट ठेवली नव्हती आणि त्यानेही नव्हती, तिथून सुरुवात झाली. पहिल्यांदा भेटलो ते मेट्रो स्टेशनच्या बाहेर, चहाच्या टपरीवर. उंच, काळासावळा, कमी बोलणारा. हात मात्र हिशेबनिसाचे वाटत नव्हते, चांगले राकट होते. आणि त्याच्या अंगाला लिंबाचा वास होता. अत्तराचा नाही, साबणाचा नाही, ताज्या कापलेल्या लिंबाचा. मला तो वास इतका आवडला की घरी येऊन मी उगाचच सरबत करून प्यायले.

"घरी कोण कोण असतं?" मी विचारलं होतं.

"आई, वडील, मी. वडलांचा घरचा धंदा आहे. मी हात लावतो मधून मधून."

कसला धंदा ते मी विचारलं नाही. तिथल्या मूळच्या लोकांच्या भाड्याच्या खोल्या असतात, टेम्पो असतात, रेतीविटांची दुकानं असतात. असेल त्यातलंच काहीतरी, असं मी मनाशी ठरवून टाकलं. नको तिथं ठरवून टाकायची मला फार हौस.

पुढचे दिवस छान गेले. सकाळी मेट्रोत बसायच्या आत त्याचा मेसेज आलेला असायचा. जेवणाच्या सुट्टीत डब्यात काय आहे याच्यावर चर्चा. आमच्या साहेबांची मी केलेली नक्कल मी बोलून पाठवायचे आणि त्याचं उत्तरादाखल नुसतं हसू यायचं, खरंखुरं, मोकळं. तो लिहायचा कमी, पण लिहायचा ते माझं नीट वाचून. आईचे गुडघे दुखतात हे मी कधीतरी म्हटलं होतं, तर पुढच्या भेटीत त्याने कसल्याशा तेलाची बाटली आणली. त्याच्या आईने केलेलं. माझी आई ते तेल लावायला लागली आणि कुणी दिलं म्हणून विचारायचं तिने मुद्दाम टाळलं.

आणि मग एकदम बंद. जसं कुणी बटण दाबलं.

मेसेजच्या खाली दोन करड्या खुणा यायच्या. म्हणजे पोचला, पण उघडला नाही. ज्यांनी कधी अशी वाट बघितली नाही त्यांना त्या दोन करड्या खुणांचं दुःख कळायचं नाही. मोठी माणसं म्हणतात, आमच्या वेळी पत्राची महिनामहिना वाट बघायचो, तुमचं काय कौतुक. पण काकू, तुमचं पत्र पोस्टात अडकलंय अशी समजूत तरी तुम्हाला घालून घेता येत होती. आमचं पत्र त्याच्या खिशात पडलंय, हे आम्हाला दिसत असतं.

मग माझे उद्योग सुरू व्हायचे. फोन उलटा ठेवायचा, म्हणजे दिसणार नाही. मग सुलटा ठेवायचा, म्हणजे दिसेल. मग फ्रिजवर ठेवायचा आणि दर थोड्या वेळाने पाणी प्यायला जायचं. नेट चालू आहे ना म्हणून शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला मेसेज करायला लावायचा. तिचा टुणकन् यायचा. त्याने जास्तच वाईट वाटायचं.

मैत्रीण या विषयातली जाणकार. ती म्हणाली, "तू पण लटकव ना त्याला. त्याचा आला की दिवसभर बघायचंच नाही. आपोआप लायनीवर येतो."

मी प्रयत्न केला. देवाशपथ केला. पण चार-पाच दिवसांच्या शांततेनंतर त्याचा "कशी आहेस?" एवढा जरी मेसेज आला, तरी माझा अंगठा माझ्याआधी उत्तर देऊन मोकळा व्हायचा. कुठे होतास, असं विचारलं की तो लिहायचा, "जरा कामात होतो. सॉरी." आणि पुन्हा आठवडाभर इतका गोड वागायचा की मागचं सगळं मी विसरून जायचे. मग परत बटण.

असं दर पंधरवड्याला. मैत्रिणीचं निदान पक्कं होतं. "दुसरी आहे. पंधरा दिवसांनी येत असेल. बाहेरगावी नोकरीला असेल."

मी वरवर हसले, पण ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच.

इथं माझी आई मध्ये पडली. आमच्या फ्रिजच्या बाजूला भिंतीवर कॅलेंडर आहे. दूध नाही घेतलं की आई त्या तारखेवर फुली मारते. माझं बिनसलं की मी रात्रीचं दूध पीत नाही, मग दुसऱ्या दिवशी दूध उरतं, मग आई दूधवाल्याला नको म्हणून सांगते. एका सकाळी ती चष्मा लावून कॅलेंडरपुढे उभी राहिली आणि बोटाने फुल्या मोजायला लागली.

"काय गं, काय झालं?"

"तू दूध टाकतीस ते बरोबर अवसेच्या नाहीतर पुनवेच्या आसपास. हे बघ की. मागच्या महिन्यात बी, त्याच्या मागच्या बी."

"आई, प्लीज."

"मला खुळी समजू नको. कुणीतरी हाय, एवढं मला कळतं. गुडघ्याचं तेल काय आभाळातनं पडलं नाही. मला एकच सांग, त्याच्या अंगात-बिंगात येतं का?"

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. रागाने मला हसूच आलं. आईने तेवढ्यात मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन माझ्यावरून ओवाळल्याही, आणि मी बत्तीस वर्षांच्या बाईने आठ वर्षांच्या पोरीसारखी पाटावर बसून दृष्ट काढून घेतली. गॅसवर टाकलेल्या त्या मिरच्यांचा ठसका आला नाही तेव्हा आई म्हणाली, "बघ. लागलेलीच होती."

पण तारखा मीही नंतर गुपचूप ताडून बघितल्या. आई चुकली नव्हती.

त्याच सुमारास पुण्याचं स्थळ आलं. आईच्या मावसबहिणीने आणलेलं, आपल्यातलं, सगळं रीतसर. मुलगा चांगला होता. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, तो खरंच चांगला होता. मी काही लिहिलं की माझं वाक्य संपायच्या आत त्याचं टाईप करणं सुरू व्हायचं. सकाळी फुलाच्या चित्रासकट सुप्रभात, रात्री चंद्राच्या चित्रासकट शुभरात्री. त्याच्याशी बोलताना मला एकदाही फोन बंद-चालू करून बघावा लागला नाही. आणि मी विचार करायला लागले की संसाराला आणखी काय लागतं? माझ्याच्याने आता वाट बघवत नव्हती. प्रेम आहे की नाही हा प्रश्न नव्हताच, ते होतं, सारसोळ्याच्या माणसावर होतं. प्रश्न असा होता की जन्मभर असं टांगणीला लागून जगायची ताकद माझ्यात आहे का. मला वाटत होतं, नाही.

पुण्याच्या मंडळींनी सांगितलं, रविवारी संध्याकाळपर्यंत काय ते कळवा, आम्हालाही पुढचं बघायचंय. त्यांचंही बरोबर होतं.

शुक्रवारी पौर्णिमा होती. आईने मला तसं सांगितलं, मी विचारलं नसताना. माझे त्याला त्याआधीचे चार मेसेज तसेच करडे पडलेले होते. जेवलास का. बरा आहेस ना. बघतोयस ना, मग उत्तर दे. तिसऱ्यानंतर माझा तोल गेला होता आणि मी लिहिलं होतं, माझी आई विचारतेय, पुनवेला तुझ्या अंगात येतं का. शुक्रवारी दुपारी मी शेवटचा लिहिला. अगदी कार्यालयीन भाषेत, स्मरणपत्र काढावं तसा. "लग्न करायचं आहे की नाही ते रविवारपर्यंत एकदा सांग. नंतर मी विचारणार नाही."

दोन करड्या खुणा. शनिवारीही तेच.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी आईला म्हटलं, जरा बाहेर जाऊन येते. नेरूळला उतरले आणि रिक्षावाल्याला सारसोळे सांगितलं. काय करायला चालले होते ते मला सांगता आलं नसतं. भांडायला असेल. निदान या वेळी ‘नाही’ हा शब्द माणसाच्या तोंडून ऐकायचा होता, फोटोवरून समजून घ्यायचा नव्हता.

देवळामागे घर आहे एवढं त्याच्या बोलण्यात आलं होतं. देवळामागच्या पहिल्याच दारात विचारलं तर त्यांनी समोर बोट दाखवलं. दोन मजली घर, खाली ओटा, कठड्यावर वाळत घातलेलं हिरवं जाळं, आणि अंगणात कुंडीत नाही, चांगलं जमिनीत रुजलेलं लिंबाचं झाड. झाडाच्या खालच्या फांद्यांवर एकही लिंबू नव्हतं. ओट्यावर मॅक्सी घातलेली, खांद्यावर टॉवेल टाकलेली एक बाई बसली होती आणि तिच्या मांडीवर स्टीलचा गोल डबा होता. तोंडवळा थेट त्याचाच.

"कोन पायजे?"

मी त्याचं नाव सांगितलं. "त्यांच्या ऑफिसकडून आले." हे खोटं माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे.

"तो नाय घरान. पान्यान गेलाय. होरी घेऊन."

होरी म्हणजे होडी एवढं कळलं, बाकी काही कळेना. ती मला बसायला चटई सरकवत म्हणाली, "बापाचा खांदा गेलाय ना दोन वरसं झाली. तवापासून उधानाला ह्योच जातंय. पुनव झाली नाय का परवा? पान्याला लय जोर हाय आता. या दिवसान जालं भरते. अष्टमीला भांग असते, तवा पानी मेलेलं, मंग कोन जातंय?"

पुनवेला. अवसेला. मी त्या ओट्यावर बसले आणि मला इतकं हसायला यायला लागलं की मी पदर तोंडाला लावला. माझी आई बिचारी मिरच्या ओवाळत होती, आणि इकडे हा माणूस खाडीत जाळं ओढत होता. दुसरी होती तर. बाहेरगावचीच होती. पंधरा दिवसांनी येणारी.

"पण मग ऑफिस?" मी विचारलं.

"घरून करते नायतर रजा टाकते. उधानाचं पानी दुपारी चरते. ते काय ऑफिसला इचारून येते? मंग जेवून त्या काम्पुटरवर बसते आन तिथंच मान टाकते." तिने माझ्याकडे बघितलं. "तुमी साहेब हाव काय त्याच्या? त्याला बोलू नका हां."

मी नाही म्हणून मान हलवली. ती चहा टाकायला आत गेली. डबा मात्र बरोबर घेऊन गेली. मी तेवढ्यात सवयीने फोन काढला आणि सवयीनेच, काही विचार न करता, त्याला लिहिलं. "कुठे आहेस?"

आत स्वयंपाकघरात डबा गुरगुरला.

ती एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन बाहेर आली. खाली बसून तिने झाकण उघडलं, आतल्या फोनकडे लांबूनच बघितलं, आणि झाकण परत लावलं.

"अगुदरचा फोन पान्यान पडला. मंग आता मोबाईल डब्यान ठेवून जातंय. बोलते, आये, ह्यो सांभाल." तिने डब्यावर हात ठेवला. "उधान लागला का ह्यो सारखा वाजते. हाय कोन तरी. एकच हाय, मना कलते. सकाली वाजते, दुपारी वाजते. मंग दोन दिवस गप. मंग रागानं एकदम तीन-चार वेला."

माझ्या रागाचा आवाज इतक्या दुरून कुणालातरी बरोबर कळत होता.

"माजी सासू होती तवर आमी दोघी बसायचो हितं. ती सासऱ्याची वाट बघायची, मी ह्याच्या बापाची. बोलायचो नाय काय. नुसत्या बसायचो. ती गेली मंग मी एकलीच. आता परत बरा वाटते. डबा वाजला का मना वाटते, हाय, आनखी कोन तरी वाट बघतंय. मी एकली नाय."

माझे डोळे भरून आले ते मला लपवता आले नाहीत. मी त्या सगळ्या दिवसांत समजत होते की मी रिकाम्या विहिरीत हाका मारतेय. आणि प्रत्येक हाक कुणाच्या तरी मांडीवर जाऊन पोचत होती.

"एवढ्या वर्षांत सवय झाली असेल ना तुम्हाला?" मी विचारलं. मला त्याचं उत्तर हवं होतं. माझा सगळा निर्णयच त्यावर होता.

"कसली सवय गो." ती जवळजवळ चिडलीच. "घास उतरते काय घशाखाली? होरी लागली का मंग जेवते. अजून नाय जेवले मी."

ऊन कलायला लागलं होतं. तिने सहज सांगावं तसं सांगितलं, "सवय नाय होत. पन येते त्याची खातरी असते. बस तेवराच."

मग ती माझ्याकडे बघत राहिली, माझ्या हातातल्या फोनकडे, रडून लाल झालेल्या माझ्या नाकाकडे, आणि हळूच म्हणाली, "तूच काय गो ती?"

मी होकाराची मान हलवली. ती हसली नाही, रडलीही नाही. माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि लिंबाच्या झाडाकडे बोट दाखवलं. "मागं एक पोरगी बघाला आलेली. चांगली होती. तिची आय बोलली, हाताला वास येते मावऱ्याचा, मासलीचा. तवापासून ह्यो हाताला लिंबा घासते. झाड खाली केलं सगला. मी बोलते, सांग जो काय हाय तो. बोलते, सांगीन आये, सांगीन."

माझा फोन वाजला. आईचा मेसेज. "मावशीचा फोन आला होता. काय कळवू?" मी तो बघत असतानाच दुसरा. "अगं?" आणि तिसरा. "कुठे आहेस तू?" खारघरच्या त्या घरात गुडघे धरून बसलेली आई आणि तिच्या समोरचा गप्प फोन माझ्या डोळ्यांपुढे आला. मी ताबडतोब लिहिलं. "नाही म्हणून कळव. घरी येऊन सगळं सांगते. त्याच्या अंगात येत नाही." तिचं लगेच उत्तर आलं, एकच शब्द. "बरं."

खाडीच्या बाजूने माणसांचे आवाज यायला लागले. "भरती चरली," ती म्हणाली आणि उठली. थोड्या वेळाने गल्लीच्या टोकाला तो दिसला. हाफ पँट, गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर टोपली. मला बघितलं आणि तिथंच थांबला. त्याने टोपली खाली ठेवली आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर दोन्ही हात पाठीमागे नेले. शाळेत छडी चुकवायला पोरं नेतात तसे.

त्या एका हालचालीने माझा सगळा राग गेला. तरी मी बोलायचं ते बोललेच. "शुक्रवारचा मेसेज तरी बघितला होतास का?"

"नोटिफिकेशनमध्ये वरून वाचलेला. उघडला नाही."

"का?"

तो आईकडे बघायला लागला. आई लगेच टोपलीतले मासे बघायला लागली.

"खोटं लिहायचं नव्हतं," तो म्हणाला. "खरं सांगितलं तर तू पण ‘नाही’ बोलशील, असं वाटायचं. उत्तरच नाही दिलं तर निदान ‘नाही’ तरी बोलणार नाहीस. आज परत आलो की लिहिणार होतो. सगळं लिहिणार होतो."

म्हणजे तोही तिकडे त्याच भीतीने बसला होता, आणि मी त्याच्या खुणा मोजत होते. दोघांपैकी कोण जास्त खुळं ते ठरवणं कठीण.

त्याच्या आईने डब्याचं झाकण उघडून त्याच्यापुढे धरलं. "घे. बघ काय ते. पोरगी इतक्या लांबून आलीय." त्याने हात आईच्या टॉवेलला पुसले, दोनदा पुसले, आणि फोन घेतला. माझ्या हातातल्या फोनवर सगळ्या करड्या खुणा एकदम निळ्या झाल्या. तो तिथंच उभा राहून एकेक वाचायला आणि तोंडानेच उत्तर द्यायला लागला.

"जेवलास का. नाही, अजून नाही. बरा आहेस ना. हो. बघतोयस ना, मग उत्तर दे." इथं त्याने माझ्याकडे बघितलं. "सॉरी." मग पुढचा वाचून त्याने मान वर केली. "अंगात?"

"आईने विचारलंय. तारखा जुळवून."

त्याची आई खदखदून हसली. तोही हसला, तेच मोकळं हसू, जे मी आजवर फोनमधूनच ऐकलं होतं. मग तो शुक्रवारच्या मेसेजवर आला आणि हसू थांबलं. एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तोंडाने बोलायला त्याची जीभ रेटेना. पुसूनही चिखल राहिलेल्या अंगठ्याने त्याने तिथंच उभ्या उभ्या टाईप केलं, आणि चार हातांवर बसलेल्या माझ्या हातातला फोन वाजला.

"हो. पण होडी माझ्याच्याने सुटणार नाही."

मी ते वाचलं. परत वाचलं. माझा अंगठा नेहमीसारखा आपणहून पुढे धावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला आवरला. समोर तो स्क्रीनवर नजर लावून उभा होता, श्वास धरून, हातांना लिंबू लावायचं विसरून. त्याची आई माझ्याकडे बघून ओठ दाबून हसत होती. बघू दे म्हटलं जरा वाट. माझा चहा अजून अर्धा कप उरला होता.